कपाशीतले रात्रीचे पाखरू

गुलाबी बोंडअळीचे नाव यवतमाळ जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण ही अळी ज्याची, तो पतंग ओळखणारे थोडेच. गव्हाच्या दाण्याहून जरासा लांब, मातकट करडा, पुढच्या पंखांवर काळसर डाग आणि मागच्या पंखांना झालर. दिवसा मातीच्या भेगांत, पाचोळ्यात दडतो, उडतो रात्री.

मादी फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी निघाली की लगेच बोंडात शिरते आणि छिद्र बुजून जाते. आत ती सरकी खात वाढते. बोंड मात्र बाहेरून हिरवेगार. वेचणीला कवडी हाती आली की मग घरात कळते! एकदा आत शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही.

हे पाखरू शास्त्राला प्रथम माहीत झाले ते आपल्या शेजारच्या भडोचच्या कपाशीवरून, 1840च्या दशकात. पुढे सरकीबरोबर ते इजिप्तला गेले, तिथून 1911च्या सुमारास मेक्सिकोत आणि 1917 साली अमेरिकेत टेक्ससला. अमेरिकेने बीटी कपाशी आणि नपुंसक केलेले पतंग सोडून 2018 मध्ये त्याच्या उच्चाटनाची घोषणा केली.

बीटी आपल्याकडेही 2002 साली आली, 2006 मध्ये दोन जनुकांची. पण भोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायचा नियम कागदावर राहिला, फरदडीने हंगाम लांबला आणि अळी विषाला सरावली. 2017च्या हंगामात तिने महाराष्ट्रभर कपाशी पोखरली. त्याच पावसाळ्यात, माणसाच्या उंचीला आलेल्या पिकात किडींवर औषध फवारताना यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले. अळी बोंडात सुरक्षित, आणि पंप पाठीवर घेतलेला माणूस उघडा! हा हिशेब कोणत्या कृषी अहवालात बसवायचा?

म्हणून लक्ष अळीपेक्षा पाखरावर हवे. मादीच्या वासाचे कामगंध सापळे नराला खेचतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर उपाय करायची वेळ झाली, असे समजतात. पाकळ्या न उमलता मिटून राहिलेल्या डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या. आणि घरामागे सरपणासाठी रचलेली पऱ्हाटी? तिच्यावरच्या न फुटलेल्या बोंडांत, दोन बिया एकमेकींना चिकटवून, अळी पुढच्या पावसापर्यंत झोपलेली असते.