वाड्याचा मंडप आणि कारखान्याची शेड

जुनी वास्तू जपायची म्हणजे तिच्यातले नेमके काय जपायचे? ग्लासगोच्या गोव्हन भागातले एक उदाहरण पाहू.

क्लाइड नदीच्या काठी लिंटहाउस नावाचा वाडा १७९१ साली उभा राहिला. त्या वेळी गोव्हन हे खेडेच होते. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत लोखंडी जहाजांचा जमाना आला. जहाज बांधायला नदीकडे उतरत जाणारी ऐसपैस मोकळी जागा लागते. ती या वाड्याच्या आवारात होती. १८७० च्या सुमारास अलेक्झांडर स्टीफन यांच्या पेढीने तेथे गोदी थाटली आणि वाड्यात कचेरी भरवली. जेथे बागा होत्या, तेथे हातोडे वाजू लागले.

पहिल्या महायुद्धानंतर वाडा पाडला गेला. दारापुढचा खांबांचा मंडप मात्र शेजारच्या एल्डर पार्कमध्ये नेऊन उभा केला. ही बाग इझाबेला एल्डर या बाईंनी १८८५ साली गोव्हनकरांना दिली होती. त्यांचे यजमान जॉन एल्डर हेही जहाजबांधणीतलेच.

१९६८ साली गोदीही बंद पडली. पण तिची १८७२ ची इंजिनांची भव्य शेड १९९१ साली आयर्व्हिनला हलवून तिचे सागरी संग्रहालय केले गेले.

पहिल्या खेपेस मालकाची शोभा वाचली, दुसऱ्या खेपेस कामगारांची कर्मभूमी. स्मारक कशाला म्हणावे, याची समाजाची समज एवढ्या वर्षांत पालटली, ती अशी.