ग्राहकाची नजर आणि गणकयंत्राचा निवाडा

दुकानातील फळीसमोर उभा राहिलेला ग्राहक साबणाची कोणती वडी उचलतो हे दुकानदाराला आपसूकच दिसते. परंतु उचलण्यापूर्वी त्याची दृष्टी कोणकोणत्या वेष्टनांवर रेंगाळली, किमतीच्या चिठ्ठीकडे ती वळली की नाही, आणि एकदा मागे टाकलेल्या वस्तूकडे ती पुन्हा फिरकली काय, हे खुद्द ग्राहकालाही धड सांगता येत नाही. ही हकीकत डोळ्यांकडूनच वदवून घेण्याच्या पद्धतीला आय-ट्रॅकिंग म्हणतात, आणि मोठमोठे उत्पादक हल्ली आपल्या मालाचे वेष्टन व फळीवरील जागा ठरविताना तिचा दाखला काढतात.

आपल्याला स्पष्ट दिसते ते दृष्टिक्षेत्राच्या जेमतेम दोन अंशांत. म्हणून डोळा सतत झेपा घेत राहतो आणि दोन झेपांच्या मध्ये सेकंदाचा चौथा-पाचवा हिस्सा कोठेतरी स्थिरावतो. वाचताना डोळा ओळीवरून घसरत न जाता असा अडखळत पुढे सरकतो, ही गोष्ट 1879 च्या सुमारास पॅरिसमधील नेत्रवैद्य एमिल जाव्हाल यांच्या लेखनामुळे प्रकाशात आली. आजचे उपकरण चष्म्यासारखे असते; अदृश्य अवरक्त प्रकाशाचे डोळ्यावर पडलेले प्रतिबिंब आणि बाहुलीचे केंद्र यांवरून ते नजरेची दिशा काढते, आणि समोरचे दृश्य टिपणाऱ्या चलच्चित्रावर ती एका ठिपक्याने दाखविते.

हा ठिपका कोणत्या वस्तूवर पडला हे ठरविण्याचे काम पूर्वी सर्वस्वी माणसाकडे असे. अमेरिकेत पॉल फिट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी विमान उतरविणाऱ्या वैमानिकांची नजर कोणत्या उपकरणावर जाते हे चित्रपटाची एकेक चौकट पाहून मोजले, आणि त्यांचे निष्कर्ष 1950 साली प्रसिद्ध झाले. 1994 साली रूसो व लेक्लेर यांनी हीच चिकाटी बाजारहाटाच्या अभ्यासात वापरली: सुपरमार्केटसारखी फळी मांडून, एकतर्फी आरशाआडून ग्राहकांचे डोळे चित्रित करून, निवडीचे तीन टप्पे त्यांनी दाखविले. आधी ओळख करून घेणे, मग तुलना करणे, अखेरीस खातरजमा करणे. यांतील तुलनेचा टप्पा ओळखला जातो तो नजर पुन्हा त्याच वस्तूकडे परतली यावरून; अर्थात नोंद करणाऱ्याने एखादे परतणे गाळले, की निष्कर्षाचा पायाच हलतो.

असे काम हाताने करावयाचे म्हणजे केवढा खटाटोप! सेकंदाला 100 नोंदी घेणारा चष्मा दहा मिनिटांत 60,000 नोंदी दप्तरी जमा करतो, आणि असे तीस ग्राहक घेतले तर आकडा अठरा लाखांवर जातो. तेव्हा हे काम गणकयंत्राकडे सोपविले गेले यात नवल नाही. यंत्राचा शिरस्ता सोपा आहे: डोळ्याचा वेग ठरावीक मर्यादेखाली, बहुधा सेकंदाला 30 अंशांखाली असेल तर तो स्थिर, वर गेला तर झेप. मात्र ग्राहक चालू लागला की पंचाईत होते. कारण मान हलत असताना एखाद्या डब्यावर दृष्टी खिळवून ठेवण्यासाठी डोळ्याला खोबणीत उलट फिरावेच लागते, आणि नजर जागच्या जागी असूनही यंत्र तिला झेपेच्या खाती टाकते. यावर मर्यादा वाढविण्याचा उपाय आहे, पण मग खऱ्या, लहान झेपा नजरेतून निसटतात.

हद्दीचा वाद तर याहून नाजूक आहे. मोजणीत एका अंशाची चूक झाली, तर मीटरभर अंतरावरच्या फळीवर ती पावणेदोन सेंटिमीटर भरते. एकाला एक खेटून ठेवलेल्या शांपूच्या बाटल्यांत तेवढ्याने नजर शेजाऱ्याच्या नावे चढू शकते. यंत्र आखलेल्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे पाहून बिनदिक्कत फैसला देते, आणि त्या फैसल्याचा तक्ता इतका सुबक निघतो की रेषा कोणी व कोणत्या अजमासाने आखली हे विचारण्याचे भान राहत नाही. मला तरी यंत्राच्या चुकीपेक्षा हा सुबकपणाच अधिक धोक्याचा वाटतो.

म्हणून माणूसच प्रमाण मानावा, असेही नव्हे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत दहा निरनिराळ्या गणनपद्धतींचे निकाल आपसांत बरेच भिन्न निघाले, विशेषतः हलत्या दृश्यांच्या बाबतीत. तर पुढच्याच वर्षी बारा अनुभवी अभ्यासकांपुढे एकच सामग्री ठेवली असता, तेही एकमताने निवाडा देऊ शकले नाहीत. फरक एवढाच, की माणसांतील मतभेद नोंदविता येतो: दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे तीच फीत पाहावी, त्यांचे जुळणे योगायोगाच्या पलीकडे किती आहे ते कोहेन यांच्या कप्पा या मापाने काढावे, आणि जेथे जुळत नाही तेथे व्याख्याच पुन्हा लिहावी. व्यवहारात चांगले संशोधक ढोबळ प्रतवारी यंत्राकडून करवून घेतात, आणि संशयित नोंदींची व काही निवडक फितींची पडताळणी हाताने करतात.

ही पडताळणी किती आवश्यक आहे हे एकाच क्षणात कळते. ग्राहक बिस्किटांचा पुडा फळीवरून उचलतो, उलटा करतो आणि मागच्या बाजूचे बारीक अक्षर वाचू लागतो. यंत्राजवळ असते ते फळीचे समोरून घेतलेले छायाचित्र. त्यात पुड्याची मागची बाजू मुळी नसतेच. तेव्हा ते हे वाचन पुड्याआड दिसणाऱ्या भलत्याच मालाच्या नावे लिहिते, नाहीतर रद्द ठरविते, आणि ग्राहकाने साखरेचे प्रमाण पाहून पुडा परत ठेवला ही गोष्ट फीत पाहणाऱ्या माणसाच्या टिपणवहीतच तेवढी उरते.