वाळवंटातील गहू आणि मोडलेली मुदतठेव

सौदी अरेबियाच्या मध्यभागावरून विमान जाते तेव्हा वाळूवर हिरवी, प्रचंड वर्तुळे दिसतात. ती शेते आहेत. मध्यभागी खोल विंधनविहीर आणि तिच्याभोवती चाकांवर सावकाश फिरणारा, तुषार सोडणारा शेकडो मीटर लांबीचा नळ. तो पोहोचतो तिथवर पीक, त्यापुढे वाळू.

या शेतीमागे राजकारण होते. १९७३ साली अरब देशांनी तेल अडवले. प्रत्युत्तरादाखल आपले धान्य अडवले जाईल, अशी धास्ती तेथील राज्यकर्त्यांना वाटू लागली. तेलाचा पैसा शेतीत ओतला गेला. सरकार जागतिक भावाच्या कित्येक पट दराने गहू विकत घेऊ लागले. ज्या देशात एकही बारमाही नदी नाही, तो १९९०च्या दशकाच्या प्रारंभी वर्षाला सुमारे ४० लाख टन गहू पिकवून मोठ्या निर्यातदारांच्या पंक्तीत बसला.

पाणी मात्र पावसाचे नव्हते. हजारो वर्षांपूर्वी, तेथील हवामान आर्द्र असताना, वालुकाश्माच्या थरांत मुरलेले ते पाणी. आज तेथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातून उपशाची भरपाई होणे अशक्यच. आपल्याकडची आटलेली विहीर चांगल्या पावसाळ्यात पुन्हा भरते. तेथील साठा म्हणजे एकदाच मोडता येणारी मुदतठेव. एक किलो गव्हाला हजार लिटरांहून अधिक पाणी लागते, हे ध्यानात घेतले तर गव्हाबरोबर काय परदेशी गेले ते कळते.

पाण्याची पातळी खाली जात राहिली. २००८ साली सरकारने गव्हाची खरेदी दरवर्षी साडेबारा टक्क्यांनी घटवण्याचे ठरवले आणि २०१६ मध्ये ती थांबवली. विसंगती अशी, की अनेक शेतकरी त्याहून अधिक तहानलेल्या लसूणघासाकडे वळले. मग त्यावरही निर्बंध आले. तेथील सर्वांत मोठ्या दुग्धकंपनीने २०१४ मध्ये गायींच्या चाऱ्यासाठी अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनात जमीन घेतली. तेही वाळवंटच, आणि पाणी तेथेही भूगर्भातले.

इस्रायलच्या नेगेव वाळवंटाने वेगळा स्रोत निवडला. तेल अवीव परिसराचे सांडपाणी शुद्ध करून, वाळूच्या थरांतून मुरवून, नळांनी दक्षिणेकडे नेले जाते आणि ठिबकने मुळांशी दिले जाते. देशातील ८० टक्क्यांहून अधिक सांडपाणी असे शेतीला मिळते. शहर वाहते आहे तोवर हा साठा रोज भरतो. खर्च मोठा आहे, आणि या पाण्यातील क्षार जमिनीत साचतात. ते मुळांखाली ढकलण्यासाठी गरजेपेक्षा थोडे जास्त पाणी सोडावेच लागते.