गणवेश फर्म्याच्या मापाचा, की लेकराच्या?

मृगाच्या सरी आल्या, पऱ्हे टाकून झाले, की आपल्या भंडारा जिल्ह्यात आणखी एक धांदल सुरू होते. ऊन उतरल्यावर, जूनच्या अखेरीस विदर्भातल्या शाळा उघडतात आणि घरोघरी गणवेश अंगाला लावून पाहिले जातात. एकाची बाही बोटांवर लोंबते, दुसऱ्याचं बटण छातीवर लागत नाही. वर्ग एक, वय एक. पण अंगं निरनिराळी. मग चूक कोणाची? शिवणाऱ्या बाईची? बहुतेक वेळा नाही. चूक असते माप न घेता कापलेल्या कापडाची.

याचा मोठा धडा २०२४-२५ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने घेतला. ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत कापड ठरावीक मापांत आधीच कापून आणायचं आणि महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत, म्हणजे माविममार्फत, बचत गटांतल्या महिलांनी ते शिवायचं असं ठरलं. नियमित गणवेशाच्या शिलाईला १०० रुपये आणि वरखर्चाला १० रुपये, असा एका गणवेशामागे ११० रुपये दर होता. बायांना घरबसल्या काम मिळावं, हा हेतू चांगलाच होता. पण कापड उशिरा पोचलं. कित्येक ठिकाणी स्वातंत्र्यदिन उलटला तरी मुलं जुन्याच कपड्यांत होती. गणवेश मिळाले तिथंही मापाच्या तक्रारी आल्या. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिला.

म्हणजे आता चेंडू गावाच्या अंगणात आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. आपलीच माणसं! मग दुकानातून तयार गठ्ठा आणायचा, की गावातल्या मशीनवर मापाचा गणवेश शिवून घ्यायचा, हे समितीने बसून ठरवावं.

फर्मा वाईट नाही, पण…

फर्मा म्हणजे कागदावर आखलेलं कटिंग. पंचवीस-तीस गणवेश झटपट कापायचे तर तो हवाच. पण धानाला खताची शिफारस एक असली तरी आपण बांधी पाहूनच हात सैल-आखडता करतो ना? तसंच फर्म्याचं आहे. तो मधल्या अंगाचा असतो. लेकराचं अंग पाहून त्यात फरक करावा लागतो.

आधी पाच मापं वहीत लिहा : छाती, खांदा, बाही, कंबर आणि उंची. टेप काखेखालून फिरवावी, आवळू नये. शर्टासाठी छातीच्या मापात चार इंच सैल धरावं. समजा छाती २६ इंच भरली, तर शर्टाचा घेर ३० इंच. त्याचा चौथा भाग साडेसात इंच. त्यात शिलाईचा दाब एक इंच मिळवा. म्हणजे घडी घातलेल्या कापडावर साडेआठ इंचांवर खूण करा.

हा एक इंच दाब वाया गेला असं समजू नका. पुढच्या-मागच्या पल्ल्यांच्या मिळून चार कडा होतात. पुढं प्रत्येक कडेला अर्धा-अर्धा इंच उसवला, तर शर्ट दोन इंच सैल होतो. तसंच पँटच्या आणि कुर्त्याच्या खालच्या दुमडीत दोन इंच कापड ठेवा. या वयात मुलं वर्षाला साधारण दोन इंच वाढतात. उसवल्यावर जुन्या घडीची रेघ थोडे दिवस दिसेल, दिसू द्या. पुढच्या वर्षीही कपडा अंगाला आला, म्हणजे झालं.

एक गैरसमज मात्र काढून टाका. मुंडा खोल कापला की कपडा मोकळा होतो, असं पुष्कळांना वाटतं. होतं उलटंच! मुंडा फार खाली गेला, तर हात वर करताच सगळा शर्ट पोटावर चढतो. म्हणून पहिला नमुना कच्च्या टाक्यांवर जोडा आणि लेकराला घालून पाहा. त्याला हात वर करायला सांगा, मांडी घालून बसवा, वाकायला लावा. कुठं आवळतं ते तिथंच खडूने खुणा. पक्की टीप त्यानंतर.

सुती कापड असेल तर कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यातच ते आटतं आणि सगळं माप फुकट जातं.

होजिअरीचं वेगळं

खेळाच्या टी-शर्टचं कापड ताणतं. ते कापताना ताण अंगाभोवती आडवा आला पाहिजे. गोल टोकाची सुई लावा, साध्या सुईने जाळीला भोकं पडतात. कापड हाताने ओढून शिवू नका, कडा लाटांसारख्या होतात. गळ्याची पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा थोडी आखूड घ्या, म्हणजे गळा लोंबत नाही. शिलाई नागमोडी किंवा ओव्हरलॉकची हवी, कारण साधी सरळ टीप डोक्यातून शर्ट घालतानाच तटकन तुटते. गावात तसं मशीन नसेल तर होजिअरीच्या नादी लागू नका. ते काम सोडा आणि साध्या कापडाचं घ्या.

वेळेचं आणि पैशाचं गणित

तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत एक गोष्ट सारखी : रोवणीला लागलेली बाई मशीनवर बसू शकत नाही. म्हणून ऐन पावसाळ्यात गणवेश शिवायला टाकले, तर ते रखडणारच. मापं उन्हाळी सुट्टीच्या आधी घ्या, उंचीत वाढीचा अंदाज धरा, आणि शिलाई मे महिन्यात उरका. बायांच्या हाताला तेव्हा काम हवंच असतं.

समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांना मिळून एका विद्यार्थ्यामागे ६०० रुपये धरले जातात, म्हणजे एका गणवेशाला ३००. त्यातले ११० शिलाईला दिले, तर कापड, दोरा, बटणं १९० रुपयांत बसवावी लागतात. एकट्या शाळेला हे जड जाईल. केंद्रातल्या चार-सहा शाळांनी मिळून ठोकात कापड घेतलं तर भाव उतरतो. काटकसर भावात करा, बाईच्या मजुरीत नको. आणि निधी येण्याची वाट पाहत मापाची वही कोरी ठेवू नका. वहीला पैसे लागत नाहीत.

सरपंच मंडळी, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक, समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. गावात मशीनवर बसणाऱ्या बाया किती, ओव्हरलॉक कोणाकडे आहे, याची यादी करा. शिवलेला कपडा वाटण्याआधी लेकराच्या अंगावर घालून पाहायचा आणि दुरुस्ती त्याच मजुरीत करून द्यायची, हे आधीच बोलून लिहून घ्या. बाई गावातलीच असल्यामुळे बाही लांब झाली, तर ती संध्याकाळपर्यंत आखूड होऊन येते. दुरून आलेल्या गठ्ठ्यात ही सोय नाही.