किल्ल्यावरची भाजीवाली

वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात पुण्यात धायरी फाट्याच्या आसपास पदपथावर, मुलांच्या दिवाळीतल्या किल्ल्यांसाठी, शिवकाळ मांडला जातो. एरवी जिथे मोबाइलची कव्हरं आणि केळी विकायला असतात, तिथे ताडपत्रीवर मावळ्यांची पलटण उभी राहते. मधोमध लहानमोठ्या आकारांचे सिंहासनाधिष्ठित महाराज, बाजूला तोफा आणि हत्ती, अगदी कडेला गवळण, जातं ओढणारी बाई, वासुदेव आणि भाजीवाली. जुने पुणेकर या बाहुल्यांना 'चित्रं' म्हणतात. "मावळे संपतात हो, भाजीवाल्या उरतात," विकणाऱ्या मावशी म्हणाल्या.

उरलेल्यांतली एक मी उचलून पाहिली. साच्याच्या जोडाची रेघ कानापासून खांद्यापर्यंत तशीच राहिलेली, लुगडं हिरवं, आणि टोपलीत लाल ठिपके. टोमॅटोच ते! टोमॅटो आपल्या बाजारात रुळला इंग्रजी अमदानीत; शिवकाळातल्या बाईच्या टोपलीत वांगी हवी होती. भाजी चुकली खरी, पण बाईची जागा चुकलेली नाही. गड म्हटला की त्यावर माणसं आली, आणि माणसं आली की बाजार आला.

रायगडावर होळीच्या माळाच्या उत्तरेला याचा पुरावा दाखवतात. समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकीत २२ दुकानं, मधून सुमारे ४० फूट रुंद रस्ता. जोती उंच आहेत, म्हणून घोड्यावर बसूनच खरेदी करत असत, असं वाटाडे रंगवून सांगतात. काही अभ्यासक तर हा बाजारच होता का, अशी शंका घेतात. वाद राहू द्या. पण राजधानीला रोजचं दूध, धान्य, तेल, मीठ लागत होतंच, आणि ते कुणीतरी गड चढून आणत होतं. हिरकणीची गोष्ट आपण आईच्या मायेची म्हणून ऐकतो. नीट पाहिली तर ती बाजाराचीही गोष्ट आहे. दूध विकायला आलेली गवळण दिवेलागणीला दरवाजे बंद झाल्यामुळे वर अडकते. दंतकथा असेल, पण ती रचणाऱ्याला गडावरच्या विक्रीच्या वेळा ठाऊक होत्या.

या बाजारात पैसा कोणता चाले? ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. पण म्हणून बाकीची नाणी बाद झाली नाहीत. सभासदाच्या बखरीत खजिन्याची यादी आहे. तिच्यात पातशाही, अच्युतराई, देवराई असे नाना राजवटींचे होन शेजारी शेजारी बसले आहेत. त्यामुळे पेठेत सराफाशिवाय पान हलत नसे. तो नाणं पारखायचा आणि बदलून देताना वटाव कापायचा. राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर होता. आमचं नाणं तुमच्या मुलखात चालावं, असं कलम इंग्रजांनी मागितलं. महाराजांचं उत्तर व्यवहारी होतं: कुठल्याही नाण्याला मी बंदी करत नाही; पण ज्यात रयतेला तोटा, ते नाणं घ्यायची सक्तीही करणार नाही.

मिठाचं प्रकरणही तसंच. १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडत होतं आणि व्यापारी तिकडे वळून संगमेश्वरकडचं मीठ बसण्याची भीती होती. म्हणून बारदेशी मिठावर जकात वाढवण्याचा हुकूम झाला. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांइतक्याच गांभीर्याने सावकारांचंही प्रकरण आलं: त्यांना पेठांत आणून वसवावं, त्यांचा मान राखावा.

मग तेव्हा धायरीकर बाजाराला कुठे जात असतील? जुन्या कागदांत गावाच्या नावाआधी 'मौजे' किंवा 'कसबे' लागतं. मौजे म्हणजे शेतीचं साधं गाव. कसबे म्हणजे बाजारपेठेचं, मोठ्या वस्तीचं ठिकाण, जिथे पेठेचा कारभार शेटे-महाजन बघत. धायरी मौजे, पुणे कसबे. कसबा पेठेच्या नावात ती खूण अजून टिकून आहे. तिथे धान्य तराजूपेक्षा मापानेच जास्त दिलं-घेतलं जाई: दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. शिवाय गावोगावची मापं सारखी नसत, म्हणून भावाआधी मापावरून हुज्जत व्हायची. २०१७ मध्ये धायरी महापालिकेत आली. मौज्याचं शहर झालं, आणि बाजार थेट फाट्यापर्यंत चालत आला.

गडावरचा खराखुरा बाजार मात्र अजून बघायचा असेल तर फाट्यावरून सिंहगडाची वाट धरावी. पायथ्याच्या वाड्यांतल्या बाया मडक्यांत दही लावून वर नेतात. पिठलं-भाकरी आणि कांदाभजी तिथेच चुलीवर होतात. पैसे आता क्यूआर कोडवर जमा होतात, पण दही अजून डोक्यावरूनच गड चढतं. हिरकणी यांच्यातच सापडेल. चित्रांच्या गर्दीत नाही.

फाट्यावरून मी मावळे घेतले, आणि दोन भाजीवाल्याही. आमच्या सोसायटीतल्या मुलांनी भाजीवाल्यांना त्यांच्या किल्ल्याच्या पायथ्याशी विहिरीजवळ बसवलं. मागे पेरलेलं हळीव चार दिवसांत उगवलं आणि टोपलीत टोमॅटो असूनही बाजार खरा वाटू लागला. तुमच्याकडे यंदा किल्ला होणार असेल, तर एवढं करा: तोफा कुठे ठेवायच्या ते मागाहून ठरवा, बाजाराची जागा आधी आखा.