वाघ्याची राखण

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा एखादा वैद्यकीय विषय घ्यावा असे प्रथम मनात आले. परंतु गेल्या पाच वर्षांत रुग्णाकडे पाहण्याची जी दृष्टी मला मिळाली, ती कोणत्याही परिषदेत मिळालेली नाही. ती माझ्या अंगणात राहणाऱ्या एका गवळी कुत्र्याने दिली. म्हणून हा लेख त्याच्याविषयी.

माझा दवाखाना जोयड्यात आहे. हा तालुका विस्थापनातूनच घडला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. पूर्वी याचे नाव सुपा. काळी नदीवर धरण झाले आणि १९८०च्या दशकात सुपा गाव जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, विस्थापितांसाठी रामनगर वसले. पुढे २००७ साली दांडेली-अणशीचे अरण्य व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले आणि २०१५ पासून ते काळी व्याघ्र प्रकल्प या नावाने ओळखले जाऊ लागले. या अरण्यात पिढ्यान्‌पिढ्या म्हशी पाळणारे गवळी राहत आले आहेत. त्यांचे पूर्वज महाराष्ट्राकडून आलेले, त्यांच्या घरात आजही मराठी बोलली जाते. स्वेच्छा पुनर्वसन योजनेखाली मोबदला घेऊन त्यांपैकी काही कुटुंबे अरण्याबाहेर आली. अशाच एका कुटुंबाचा वाघ्या हा कुत्रा.

या घरचे आजोबा माझे जुने रुग्ण. कुटुंबाने रामनगरच्या बाजूला बिऱ्हाड हलवले, म्हशी विकल्या. वाघ्यालाही गाडीत घातले होते. पण तो वाटेत उडी मारून परत गेला आणि मोडलेल्या गोठ्याशी जाऊन बसला. तिकडे जाणाऱ्या एका आरोग्यसेविकेने ही हकीकत मला सांगितली. कुत्रा हे बिबट्याचे सोपे भक्ष्य, त्यामुळे तो फार दिवस टिकणार नव्हता. एका रविवारी मी जीप घेऊन गेलो. अंगावर हाडे मोजता येतील असा, काळपट रंगाचा, एक कान फाटलेला तो कुत्रा भाकरीला भुलला नाही. दोन तास बसल्यावर माझ्या हातातल्या ताकाच्या वासाने मात्र जवळ आला.

पहिले काम उपचाराचे. पशुवैद्यकीय दवाखान्यात जंतनाशक दिले, रेबीजची आणि डिस्टेंपरची लस टोचली. अंगावरच्या गोचिडी चिमट्याने काढताना मी हातमोजे घातले होते. क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली प्रथम आढळलेला माकडताप आपल्या जिल्ह्यालाही अपरिचित नाही, आणि तो गोचिडींमार्फत पसरतो. ही तपासणी आजही रोज संध्याकाळी होते.

शरीर महिन्याभरात सुधारले, स्वास्थ्य मात्र आले नाही. मी त्याला साखळीने बांधून ठेवले होते. ही माझी चूक. रात्रभर तो साखळीच्या टोकापर्यंत जाई, कान टवकारी, परत येई. पहाटे चारला त्याचे रडणे ऐकून आळी जागी होई. दूधभात, मासळीची डोकी, पत्नीचे लाड, कशाचाच उपयोग होईना. त्याला झोपेचे औषध द्यावे काय, असा विचारही माझ्या मनात येऊन गेला, हे आज संकोचाने नमूद करतो.

चौथ्या आठवड्यात त्याने पट्ट्यातून मान सोडवून घेतली आणि तो पसार झाला. दिवसभर शोध घेतला. दिवेलागणीला शेजारच्या काकींची गुरे घरी परतत होती. सर्वांत मागे, एका लंगड्या वासराच्या बरोबरीने, वाघ्या चालत होता. काकी म्हणाल्या, "डॉक्टर, तुमच्या कुत्र्यानं आज एक वासरू मागं राहू दिलं नाही हो!" त्या रात्री तो व्हरांड्यात आडवा झाला तो थेट उजाडेपर्यंत.

परदेशी मेंढपाळ कुत्री कळपाला वळवतात, हाकतात. आपल्या गवळ्या-धनगरांची कुत्री मुख्यतः राखण करतात. कळपाच्या कडेने चालायचे, वाऱ्याचा वास घ्यायचा, धोका जाणवला की भुंकून माणसाला जागे करायचे आणि सगळी जनावरे गोठ्यात शिरल्याशिवाय बसायचे नाही, हा त्यांचा धर्म. वाघ्याला भूक नव्हती, दुखणे नव्हते. त्याला राखायला काही उरले नव्हते.

तेव्हापासून त्याचा दिनक्रम ठरला आहे. सकाळी काकींच्या गुरांबरोबर गावच्या कुरणात जायचे. दुपारी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसायचे. रुग्णांच्या रांगेतून एखादे मूल रस्त्याकडे धावले, तर हा आडवा उभा राहतो. चावत नाही, फक्त वाट अडवतो. संध्याकाळी गुरे मोजून झाली, म्हणजे निदान मला तसे वाटते, की जेवण. रात्री बिबट्याच्या भयाने मी त्याला बंद व्हरांड्यात घेतो. पावसाळ्यात ओल्या अंगाचा वास घरभर पसरतो आणि पत्नीचे व माझे त्यावरून रीतसर भांडण होते.

दोन वर्षांपूर्वी ते गवळी आजोबा दवाखान्यात आले. पुनर्वसनानंतर दीड वर्ष मीच त्यांना रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या देत होतो. मधल्या काळात त्यांचा मुलगाच कागद दाखवून औषधे नेत असे. ते बाकावर टेकले आणि मागच्या अंगणातून वाघ्या आला. पाय हुंगले. मग गुडघ्यावर डोके ठेवून उभा राहिला. आजोबांनी त्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवला. "वाघ्या, म्हशी न्हाईत रं आता," एवढेच म्हणाले.

मी विचारले, "बाबा, रात्री उठून तुम्ही काय करता?"

"गोठ्याकडं जातो, डाक्टर. दारात गेल्यावर ध्यानात येतं, गोठाच न्हाई."

हा प्रश्न मी दीड वर्षात एकदाही विचारला नव्हता. 'झोप येत नाही' एवढी तक्रार लिहून घेऊन गोळी दिली होती. कुत्र्याचे दुखणे मला चार आठवड्यांत उमगले. माणसाचे उमगले नाही, कारण तिथे माझ्या हाताशी औषध होते.

वाघ्याला परत न्या, असे मी सुचवले. आजोबांनी मान हलवली. "तुमच्याकडं त्याला काम हाय. माझ्याकडं येऊन काय राखंल?"

त्यानंतर मी त्यांच्या मुलाला बोलावून घेतले. बराच वेळ बोललो. मोबदल्यातून उरलेल्या पैशांत त्याने दोन म्हशी घेतल्या. आजोबांच्या झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी करत काही महिन्यांत बंद झाल्या. रक्तदाब आहे, गुडघे दुखतात, अरण्याची आठवण काढून अधूनमधून डोळेही भरून येतात. पण रात्री उठले तर दारापलीकडे गोठा असतो.

वाघ्याच्या लशीची तारीख मी चुकवत नाही, यामागे आणखी एक कारण आहे. २०१८ साली गीरच्या अरण्यात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांच्यापैकी काहींमध्ये डिस्टेंपरचा विषाणू सापडला. आपल्या काळीच्या अरण्यात वाघ आहेत, रानकुत्री आहेत. गावचे कुत्रे निरोगी राहणे ही त्यांचीही राखण आहे, तशीच ती आपल्या मुलाबाळांचीही आहे. माझ्या दवाखान्यातील केसपेपरवर 'व्यवसाय' असा एक रकाना पूर्वीपासून छापलेला होता. तो बहुधा रिकामाच राही. आता मी तो स्वतः भरतो, आणि रुग्ण वयस्क असेल तर पुढे विचारतो, "आणि आता काय करता?" माझ्या तरुण व्यवसायबंधूंनी हा प्रश्न विचारून पाहावा, इतकीच विनंती.

हे लिहीत असताना संध्याकाळ झाली आहे. गुरांच्या गळ्यातल्या घंटा वळणावर ऐकू येत आहेत. लंगडे वासरू आता मोठी गाय झाले आहे, तरीही वाघ्या तिच्या मागेच चालतो.