थेट प्रक्षेपण आणि घरी जुळविलेले यंत्र

१९९९ साली टिव्हो व रीप्ले टीव्ही ही यंत्रे अमेरिकेच्या बाजारात दाखल झाली आणि कार्यक्रम टेपेऐवजी हार्ड डिस्कवर मुद्रित होऊ लागले, तेव्हा परक्याच्या पेटीवर विसंबण्यापेक्षा जुन्या संगणकात ट्यूनर कार्ड बसवून हे काम घरीच साधावे, अशी हौस तेथील तंत्रज्ञ मंडळींत बळावली; आणि २००२ मध्ये आयझॅक रिचर्ड्स यांनी आरंभिलेल्या मिथटीव्ही या मुक्त प्रणालीने त्या हौसेस भक्कम आधार दिला. मालिका ठरल्या वेळी बिनचूक टिपून ठेवण्यात हे यंत्र तरबेज होते. परंतु या क्षणी चाललेला सामना पाहू म्हटले, की त्याची तारांबळ उडे.

याचे कारण त्याच्या मूळ प्रकृतीतच होते. ट्यूनरने पकडलेले चित्र प्रथम संकुचित व्हावे, डिस्कवर लिहिले जावे, तेथून पुनः वाचून उलगडले जावे आणि मगच पडद्यावर यावे, असा तेथला शिरस्ता असल्यामुळे प्रेक्षकास थेट म्हणून जे दिसे ते वस्तुतः काही क्षणांपूर्वीचे मुद्रणच असे. या दिरंगाईच्या बदल्यात चालू कार्यक्रम थांबविण्याची व मागे नेण्याची मुभा मिळे, हे खरे. पण शेजारच्या घरातील जल्लोष आधी आणि आपल्या पडद्यावरील गोल मागाहून, हा सौदा क्रीडारसिकांस मानवणारा नव्हता. चॅनेल बदलणे हा तर संयमाच्या परीक्षेचाच प्रकार: केबलची पेटी असल्यास संगणक तिच्या दर्शनी भागावर चिकटविलेल्या इन्फ्रारेड दिव्यातून एकेक आकडा रवाना करी, आणि त्यांतील एखादा वाटेत गहाळ झाला की भलतेच चॅनेल पुढे उभे राही.

शिवाय एका ट्यूनरवर एका वेळी एकच अंमल. नियोजित मुद्रणाची घटका भरली, की पाहणाऱ्यास ट्यूनर सोडण्याची सूचना मिळे; म्हणून लोक दुसरे, तिसरे कार्ड बसवीत. २००६ च्या ०.१९ आवृत्तीपर्यंत मिथटीव्ही थेट चित्र एका चक्राकार साठ्यात ठेवी व जुने पुसून टाकी. पुढे तेही सामान्य मुद्रणाप्रमाणेच नोंदले जाऊ लागले. माझ्या मते ही सुधारणा म्हणजे, थेट दर्शन हे या यंत्राचे कार्यच नव्हे, अशी निर्मात्यांनी दिलेली कबुली होती.

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे अॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले. डिजिटल चित्र मुळातच संकुचित होऊन येत असल्याने संगणकाचा तेवढा भार हलका झाला. तथापि चॅनेल बदलताच चित्र उलगडण्यासाठी पहिल्या स्वयंपूर्ण चौकटीची वाट पाहणे काही टळले नाही, आणि केबल कंपन्यांच्या कूटबद्ध वाहिन्या तर बहुधा कुलपातच राहिल्या. तेव्हा ज्यास अंतिम सामना पाहावयाचा असेल त्याने मुद्रणाचे काम या यंत्राकडे खुशाल सोपवावे, पण अँटेनाची दुसरी तार थेट दूरचित्रवाणी संचासच जोडावी.